रेंज आली, पाहुणे आले, पण पैसा कुठे राहिला? कोकणातल्या पर्यटनाचं डिजिटल गणित सोप्या भाषेत

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली, म्हणजे उपग्रहावरून दुर्गम भागात इंटरनेट पोचवायचं असं ठरलं, आणि त्या आठवड्यात आमच्या गावच्या ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. बातमीत नावं गडचिरोली, नंदुरबार अशी होती, पण आमच्याकडच्या लोकांनी लगेच हिशोब मांडला की आता डोंगरापलीकडच्या वाड्यांवर पण नेट येणार आणि मग पर्यटन असं काही वाढणार की पोरांना मुंबईला जायची गरजच राहणार नाही.

मला हे वाचून आनंद पण झाला आणि काळजी पण वाटली. माझ्या आतेचं सिंधुदुर्गात, मालवणजवळच्या देवबागला घर आहे, तीन खोल्या ती पाहुण्यांना देते, आणि तिच्या बुकिंगचं काम गेली काही वर्षं मी पुण्यात बसून बघतो, त्यामुळे नेट आल्यावर काय होतं आणि काय होत नाही हे मी अगदी जवळून पाहिलंय. आते एकदा म्हणाली होती, "आता लोक पयला काय इचारतत म्हायत आसा? एसी नाय, जेवाण नाय. रेंज येता काय!"

तर हे सगळं प्रकरण पहिल्यापासून समजून घेऊ. नेट गावात येतं कसं, त्याने पाहुणा कसा येतो, आलेला पैसा जातो कुठे, आणि नेटने जे कधीच सुटणार नाही ते काय.

आधी हे नेट गावात येतं कसं

आपल्याला वाटतं टॉवर उभा राहिला की नेट आलं. पण टॉवर म्हणजे फक्त शेवटचं टोक. माडा-पोफळीच्या बागेला पाणी कसं देतो आठवा, वर धरण किंवा बंधारा, तिथून पाट, पाटातून बारीक चर, आणि मग प्रत्येक झाडाच्या अळ्यात पाणी. टॉवर म्हणजे ते अळं. पाटात पाणी नसेल तर अळं कितीही मोठं खणा, झाड सुकणारच. टॉवरला मागून जी जोडणी येते तिला बॅकहॉल म्हणतात, आपण तिला पाट म्हणू.

हा पाट दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे जमिनीखालून किंवा खांबांवरून येणारी फायबर, केसासारखी बारीक काचेची तार, जिच्यातून प्रकाशाने माहिती पळते आणि जिची क्षमता प्रचंड असते. दुसरा म्हणजे मायक्रोवेव्ह, एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर हवेतून पाठवलेला सिग्नल, त्यासाठी दोन टॉवर एकमेकांना दिसावे लागतात आणि त्याची क्षमता बरीच कमी असते. कोकणात डोंगर, दऱ्या, खाड्या आणि गाव म्हणजे पाच-सात विखुरलेल्या वाड्या, त्यामुळे फायबर टाकणं महाग पडतं, मग कितीतरी टॉवर मायक्रोवेव्हवर चालतात. म्हणून फेब्रुवारीत व्हिडिओ मस्त चालतो आणि मे महिन्यात किंवा गणपतीत, चाकरमानी आणि पर्यटक एकदम आले की फुल रेंज दिसूनही साधा मेसेज जात नाही. अळं तेच, पाट तोच, झाडं मात्र चौपट.

सरकारने हे ओळखून २०११ मध्ये सगळ्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. बऱ्याच पंचायतींपर्यंत तार पोचली पण आहे, पण पंचायतीच्या ऑफिसपासून किनाऱ्यावरच्या वाडीपर्यंतचे जे दोन-तीन किलोमीटर असतात तेच सगळ्यात अवघड. उपग्रहाच्या इंटरनेटचा खरा उपयोग इथे आहे, त्याला पाट लागत नाही, छपरावर थाळी ठेवली की झालं, फक्त थाळीला उघडं आकाश दिसायला हवं. आता माडांच्या गर्दीत आणि जून-जुलैच्या पावसात उघडं आकाश मिळणं ही वेगळीच गोष्ट आहे.

आणि वीज. हा मुद्दा सगळे विसरतात. टॉवरला बॅटरी असते, जनरेटर असतो, पण ते काही तासांचं काम. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगड-दापोलीवर आलं, त्यानंतर मे २०२१ मध्ये तौक्ते आमच्या किनाऱ्याला घासून गेलं, विजेचे खांब झोपले आणि त्यांच्याबरोबर नेटवर्क पण गेलं. आतेशी आमचा कितीतरी दिवस संपर्क नव्हता. म्हणून मी नेहमी सांगतो, किनाऱ्यावर डिजिटल सोय म्हणजे पहिल्यांदा जमिनीखालून टाकलेली विजेची केबल, ॲप वगैरे सगळं त्यानंतर.

नेट नव्हतं तेव्हाही लोक येतच होते की!

हो, येत होते. सिंधुदुर्ग हा १९९७ मध्येच पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, तारकर्लीचं नाव तेव्हापासून होतं आणि सिंधुदुर्ग किल्ला तर महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात बांधलेला, त्याला जाहिरात कशाला हवी. पण येत कोण होतं ते बघा. मुंबई-पुण्याचे, कुणाच्या तरी ओळखीने. अमक्याची मामी मालवणला आहे, तिच्या शेजारच्यांकडे खोली मिळते, बस. ज्यांची कोकणात ओळख नाही ते सरळ गोव्याला जायचे कारण गोवा सगळ्यांना माहीत होता.

इथे एक साधी गोष्ट समजून घ्यायची. पाहुण्याचा खर्च फक्त खोलीचं भाडं नसतो, शोधायचा आणि विश्वास ठेवायचा पण खर्च असतो. लग्नाच्या स्थळासारखं आहे हे. पूर्वी स्थळ नात्यातून सांगून यायचं, मध्यस्थ असायचा, चार ठिकाणी चौकशी व्हायची, म्हणून लांबची स्थळं फारशी जुळायची नाहीत, चौकशी करणार कोण? खोलीचं पण तेच. हैदराबादच्या किंवा नागपूरच्या कुटुंबाला देवबागच्या आतेची चौकशी करायला कुणीच नव्हतं. मॅपवर पिन आली, खोलीचे फोटो आले आणि मुख्य म्हणजे आधी राहून गेलेल्यांचे रिव्ह्यू आले, ती झाली चौकशी. घर तेच, जेवण तेच, फक्त चौकशीचा खर्च जवळजवळ शून्यावर आला आणि गिऱ्हाइकांचा घेर मुंबई-पुण्यापासून अख्ख्या देशाएवढा झाला.

हे सगळं घडलं २०१६ नंतर. त्या वर्षी यूपीआय सुरू झालं, सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि डेटा एवढा स्वस्त झाला की शहाळीवाल्याकडे पण स्मार्टफोन आला.

यूपीआयचं थोडं जास्त सांगतो कारण माझ्या मते पर्यटनात सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला गेलेला बदल तोच आहे. पूर्वी पाहुण्याच्या खिशात जेवढी रोकड तेवढाच खर्च. एटीएम मालवण शहरात, तिथे मे महिन्यात रांग नाहीतर पैसे संपलेले, त्यामुळे माणूस उरलेली रोकड जपून वापरायचा, परतीचं पेट्रोल बाजूला ठेवायचा. आता संध्याकाळी किनाऱ्यावर फिरताना कुणाला सोलकढी प्यावीशी वाटली, आवळ्याचं सरबत घ्यावंसं वाटलं, खाजा-कोकम घरी न्यावं वाटलं तर तो विचार करत नाही. हे जे दहा-पन्नास-दोनशेचे खर्च आहेत ना, ते जवळजवळ सगळे गावातल्याच माणसाच्या हातात जातात आणि त्यातही बायकांच्या, कारण घरगुती मसाले, लोणची, पापड त्याच करतात. शिवाय यूपीआय घेण्यावर दुकानदाराला चार्ज नाही, जानेवारी २०२० पासून ते शून्य आहे.

एक छोटी तांत्रिक गोष्ट उपयोगी म्हणून. विकणाऱ्याच्या क्यूआर स्टिकरला नेट लागत नाही, तो नुसता छापलेला पत्ता आहे. नेट लागतं पैसे देणाऱ्याच्या फोनला. आणि तो "पैसे मिळाले" बोलणारा स्पीकर असतो त्याच्यात स्वतःचं सिमकार्ड असतं, म्हणून कधी पैसे जातात पण स्पीकर गप्प बसतो आणि बिचारा विक्रेता आणि पाहुणा दोघंही अडकून राहतात. रेंज खराब असलेल्या ठिकाणी थोडी रोकड ठेवाच, दोघांच्याही सोयीचं आहे.

मग एवढं चांगलं चाललंय तर अडचण काय? कमिशन!

आता पैशाचं. ज्या मोठ्या साइट आणि ॲपवर आपण खोल्या बघतो त्यांना ओटीए म्हणतात, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या ट्रॅव्हल एजन्सी. त्या खोली विकून देतात आणि कमिशन घेतात, साधारण १५ ते २५ टक्क्यांच्या घरात.

समजावण्यापुरतं गणित करू. खोलीचा दर २००० रुपये. ॲप म्हणतं १० टक्के ऑफर लावा म्हणजे तुम्ही वर दिसाल, तर पाहुणा देतो १८००. त्यावर २० टक्के कमिशन ३६०. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, ते साधारण ६५. घरात आले १३७५. यातूनच चादरी धुवायच्या, मासे आणायचे, विजेचं बिल भरायचं. तोच पाहुणा थेट फोन करून आला आणि आतेने त्याला तीच २०० ची सूट दिली तर पाहुण्याला तेवढेच १८०० पडतात पण घरात ४२५ रुपये जास्त राहतात. एका रात्रीचे, एका खोलीचे.

अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे. पाहुण्याने गावात ओतलेली बादली, तिला भोकं किती? कमिशन हे एक भोक. भाजी घाटावरून, कोल्हापूर-बेळगावहून येते, ते दुसरं. रिसॉर्टचा मालक बाहेरचा असेल तर नफा त्याच्या शहरात जातो, हे सगळ्यात मोठं. उलट मासे रापणीतले, म्हणजे गावकऱ्यांनी किनाऱ्यावरून ओढलेल्या जाळ्यातले असतील, नारळ बागेतला असेल, वाढायला शेजारची मुलगी असेल तर तेवढं पाणी बादलीत राहतं आणि गावातच चार हात फिरतं. पर्यटक किती आले हा आकडा पेपरात छापून येतो, पण बादलीत उरलं किती हे कुणी मोजत नाही, आणि खरं तर तेच मोजायला हवं.

सरळ स्वतःच बुकिंग घ्यायचं, ॲप कशाला?

हे मला दर वेळी कुणीतरी विचारतं. मी पण आधी असंच म्हणायचो. आतेचं सगळं लिस्टिंग काढून टाकलं होतं एका वर्षी, आणि त्या दिवाळीत दोन खोल्या रिकाम्या राहिल्या. कारण नवीन पाहुणा आपल्याला शोधतच नाही, तो ॲपवर "तारकर्ली" टाइप करतो आणि जे पहिल्या पानावर दिसेल ते घेतो.

माझा आता हिशोब असा आहे की ॲपचं कमिशन हा पहिल्या भेटीचा खर्च समजायचा. स्थळ जुळवणाऱ्याला एकदा देतो तसं. दुसऱ्यांदा येणारा पाहुणा, त्याने पाठवलेला त्याचा मित्र, हे थेट यायला हवेत. त्यासाठी दोन गोष्टी फुकट मिळतात, गुगलवर आपल्या व्यवसायाची नोंद करून मॅपवर पिन टाकणं, आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बिझनेस ॲप, त्यात खोल्यांचे फोटो आणि दर लावून ठेवता येतात. पिन मात्र स्वतः जाऊन तपासा. आमची पिन पहिले सहा महिने खाडीच्या बाजूला दाखवत होती आणि रात्री अकराला माणसं गाडी घेऊन भलत्याच वाडीत शिरायची.

एक अडथळा असा असतो की काही करारात अट असते, आमच्या साइटपेक्षा स्वस्त दर तुम्ही दुसरीकडे द्यायचा नाही. याला दर-समानतेची अट म्हणतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला सुमारे २२३ कोटी आणि ओयोला सुमारे १६९ कोटींचा दंड ठोठावला होता, त्यात मेकमायट्रिपने हॉटेलांवर लादलेल्या अशा अटींचाही विषय होता, पुढे ते अपिलात गेलं. सांगायचा मुद्दा, ही फक्त आतेची तक्रार नाही, देशपातळीवर तिची दखल घेतली गेलीये. करारावर टिक करण्याआधी तेवढं एक कलम शोधून वाचा.

गोव्यात टॅक्सीवाले आणि ॲप यांचं भांडण २०१८ पासून चालू आहे, गोवामाइल्स हे टॅक्सीचं ॲप आलं तेव्हापासून. पाहुण्यांना वाटतं टॅक्सीवाले उगाच आडमुठेपणा करतात, टॅक्सीवाल्यांना वाटतं दर दुसरा कुणीतरी ठरवणार आणि आपण नुसते ड्रायव्हर राहणार. मला दोघांचंही पटतं. दर पारदर्शक हवाच, पण तो ठरवताना गाडी चालवणारा पण टेबलावर बसलेला हवा.

नेट असून रस्ता नसेल तर?

तर पाहुणा एकदा येतो आणि रिव्ह्यूमध्ये रस्त्याबद्दल लिहून जातो. आतेच्या घराला जे कमी स्टार पडलेत त्यात निम्म्याहून जास्त प्रवासावर आहेत, घराबद्दल नाहीत. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ च्या सुमारास सुरू झालं, आमच्या जिल्ह्यातला भाग त्यातल्या त्यात आधी झाला पण रायगड-रत्नागिरीतले तुकडे वर्षानुवर्षं रखडले, आणि पाहुण्याला तर सगळा रस्ता पार करूनच यावं लागतं ना. रेल्वे आहे, २०२३ पासून वंदे भारत पण कणकवलीला थांबते, पण मार्ग बहुतेक एकेरी, गाड्या वाढवायला मर्यादा. गणपतीच्या तिकिटांचं बुकिंग उघडल्यावर मिनिटांत संपतं, हे ऑनलाइन बुकिंगचं यश म्हणायचं तर म्हणा, सीट तेवढ्याच आहेत.

विमानतळाचं बघा. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, केवढा उत्साह होता आमच्याकडे. विमान साधारण ७० सीटचं. छोटी शहरं विमानाने जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेत तोटा भरून काढायला कंपनीला जे सरकारी पैसे मिळतात ते साधारण तीन वर्षं. तेवढ्यात ११ डिसेंबर २०२२ ला शेजारच्या गोव्यातल्या मोपा विमानतळाचं उद्घाटन झालं आणि जानेवारी २०२३ पासून तिथून मोठी विमानं देशभर जायला लागली, तिकीट स्वस्त, वेळा भरपूर. पाहुणा फोनवर दोन तिकिटं शेजारी शेजारी बघतो आणि मोपा घेतो. चिपीची मुंबई सेवा काही नीट टिकली नाही. इथे नेटने उलट काम केलं, जे कमजोर होतं ते लगेच उघडं पडलं. पण आमच्या दक्षिण भागाला मोपामुळे फायदाच झाला, सावंतवाडी-वेंगुर्ल्याला उतरणारे बरेच जण आता तिथूनच येतात. विमानतळ आपल्याच जिल्ह्यात हवा हा हट्ट सोडून मोपाहून मालवणला दिवसातून चार वेळा नीट बस कशी सुटेल हे आपण मागायला हवं होतं असं मला वाटतं.

जे ॲपवर दिसत नाही: विहीर

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर.

देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. अशा ठिकाणी विहिरीला गोडं पाणी लागतं कसं? पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण खारं पाणी थोडं जड असतं. रश्शावर तेलाची तरी तरंगते तसं समजा. आता चमच्याने वरवर हळूच काढलीत तर तरी येते, पण डाव खोल घातलात तर खालचा रस्सा वर येतो. तरी तुमची संपली.

याचा एक ढोबळ नियम आहे. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी राहू शकतं. ऐकायला छान वाटतं, पण हे उलटं पण चालतं. उपसा करून ती वरची पातळी नुसती अर्धा मीटर उतरवली तर खालचं खारं पाणी साधारण २० मीटर वर सरकू शकतं. चिंचोळ्या पट्टीत मुळात पातळी एवढी वर नसतेच, गोड्या पाण्याचा थर पातळच असतो. म्हणजे पाच-सहा घरांनी नवीन पंप बसवले, प्रत्येक खोलीला शॉवर दिला आणि मे महिना गाठला, की विहीर मचूळ व्हायला वेळ लागत नाही. आणि एकदा खारी झाली की पुढच्या एका पावसाने लगेच गोडी होईलच असं नाही.

त्याच वाळूत शौचालयांच्या टाक्या. वाळूतून पाणी भराभर झिरपतं, टाकी आणि विहीर जवळ असतील तर काय होणार ते सांगायला नको.

आता जोडून बघा. नेट आलं म्हणून पाहुणे वाढले, पाहुणे वाढले म्हणून खोल्या वाढल्या, खोल्या वाढल्या म्हणून उपसा वाढला. ॲप आतेला मेसेज पाठवतं, "तुमच्या भागात मागणी वाढलीये, अजून खोल्या जोडा." त्या ॲपला विहीर माहीतच नाही. नेटचा वेग महिन्यात वाढवता येतो, विहिरीचा नाही. म्हणून कुठल्याही किनारी गावात पर्यटन किती वाढवायचं हे टॉवरवर ठरायला नको, मे महिन्यातल्या पाण्यावर ठरायला हवं, आणि हे काम ग्रामपंचायतीने नवीन खोल्यांना परवानगी देतानाच करायचं आहे.

रीलमुळे गर्दी होते, मग नेट नकोच का?

एक रील व्हायरल होतं आणि पुढच्या शनिवारी एखाद्या धबधब्यावर हजार माणसं. रस्ता एक, पार्किंग नाही, शौचालय नाही, मदतीला कुणी नाही. हे खरं आहे आणि याने माणसं गेलीयेत पण.

पण गर्दी आवरायला पण तेच तंत्र वापरता येतं. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३००० लोकांची मर्यादा ठरवून ऑनलाइन बुकिंग सुरू झालं. तमिळनाडूत उटी आणि कोडाईकॅनालला मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून ई-पास आला, आधी नुसती मोजणी म्हणून, मग २०२५ च्या उन्हाळ्यात निलगिरीसाठी रोज ६००० आणि शनिवार-रविवारी ८००० गाड्यांची मर्यादा. तिथल्या व्यापाऱ्यांनी विरोध केला, त्यांची चिंता पण खोटी नाही. पण निदान किती गाड्या येतात हा आकडा तरी हातात आला. आमच्याकडे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात देवबागच्या त्या एका अरुंद रस्त्यावर किती गाड्या येतात हे कुणी नीट मोजलेलं मी तरी ऐकलं नाही. साधा ई-पास लागू करायला पण आधी रेंज, नाक्यावर माणूस आणि मागे परत वळायला जागा लागते.

ऑनलाइन रिव्ह्यू चांगले आहेत म्हणजे सगळं सुरक्षित?

नाही. रिव्ह्यू सांगतो की मजा आली का, लाइफ जॅकेट मापाची होती का आणि बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती का हे तो सांगेलच असं नाही. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. बोटीचा परवाना, क्षमता आणि वादळी दिवसांतली बंदी हे बघायचं काम माणसांचं आहे. पाहुणा म्हणून तुम्ही परवाना विचारा, खरंच विचारा, चांगला बोटवाला रागावत नाही, उलट काढून दाखवतो.

आणि फसवणूक. मॅपवरच्या एखाद्या रिसॉर्टच्या नावाखाली भलताच नंबर टाकून ॲडव्हान्स लाटायचे प्रकार होतात, नाहीतर हुबेहूब दिसणारी खोटी साइट. नंबर दोन ठिकाणी जुळतो का बघा, व्हिडिओ कॉल करून घर दाखवायला सांगा, आणि पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जेवढ्या लवकर कराल तेवढी पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

पण आमच्या म्हाताऱ्या माणसांना हे जमणार का?

जमतं, फक्त सगळं एकट्याने करायचं ही अपेक्षा सोडली तर. आते सातवी शिकलीये. ती टाइप करत नाही, व्हॉइस मेसेज पाठवते, आणि हिंदीतल्या पाहुण्याला पण मालवणी वळणाच्या हिंदीत असं प्रेमाने समजावते की तो बुकिंग करूनच फोन ठेवतो. कॅलेंडर मी सांभाळतो. सगळ्यात मोठी भीती डबल बुकिंगची, म्हणजे एक खोली ॲपवर पण गेली आणि तिने फोनवर पण दिली. हे आमच्याबाबतीत एकदा झालं, रात्री नऊला दोन कुटुंबं अंगणात, लहान मुलं झोपेला आलेली, शेवटी आते आणि काका ओटीवर झोपले. त्यानंतर नियम केला, कुणालाही हो म्हणण्याआधी मला मिस्ड कॉल. मोठी हॉटेलं यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घेतात, तीन खोल्यांना मिस्ड कॉल पुरतो.

गावात जर अशी पाच-दहा घरं असतील तर बचत गटातर्फे एकच मुलगी किंवा मुलगा पगारावर ठेवून सगळ्यांचं कॅलेंडर, फोटो, रिव्ह्यूला उत्तरं हे काम करता येईल, आणि एका घरी जागा नसेल तर पाहुणा शेजारच्या घरी जाईल, गावाबाहेर जाणार नाही. हे मी गेल्या गणपतीत बोलून बघितलं, तिघी तयार आहेत.

आतेची एक वही आहे. त्यात प्रत्येक पाहुण्याचं गाव, फोन आणि त्याला काय खायला आवडलं ते लिहिलेलं असतं, कुणाला घावणे, कुणाला तिखट चालत नाही, कुणाच्या मुलीला शहाळ्यातली मलई. दुसऱ्यांदा येणारे सगळे त्याच वहीतून येतात. यंदा मे महिन्यात तिने शेवटच्या पानावर आणखी एक रकाना सुरू केला, रोज सकाळी विहिरीत किती हात पाणी आणि चव कशी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात चव बदलल्यासारखी वाटली, तसा तिने मला फोन केला आणि म्हणाली, "तिसरी खोली बंद कर, पावस पडासर." मी पाऊस पडेपर्यंतच्या त्या खोलीच्या सगळ्या तारखा ॲपवर बंद केल्या.